पाचव्या क्रमांकाचं नाव

१

गुरुवारी दुपारी सव्वादोनला जयरामला टाकीच्या तोंडातून ओढून बाहेर काढलं, तेव्हा आधी त्याचे बूट आले. राजाभाऊंनी ते बूट पाहिले आणि काय समजायचं ते समजले. जिवंत माणसाचे पाय असे लटकत नाहीत. तरी डॉक्टर अर्धा तास त्याच्या छातीवर दाब देत राहिला. मग त्याने हात मागे घेतले आणि घड्याळात पाहिलं.

जयराम देवगडकडचा, पाइप फिटर, वय एकेचाळीस. मेला तो नायट्रोजनने. या वायूला ना रंग, ना वास. टाकीत तो भरला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही, आणि आत शिरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो. ओरडायलाही सवड मिळत नाही.

राजाभाऊ कारखान्याच्या परमिट ऑफिसचे प्रमुख. मूळचे नाशिकचे, कुवेतात चोवीस वर्षं झालेली, आणि स्वभाव असा तिरसट की चहा चांगला झाला तरी तोंड वाकडं करून पिणार. त्यांच्या ऑफिसातून कागद निघाल्याशिवाय इथे कुणाला साधा खिळाही ठोकता येत नसे. बंद टाकीत माणूस घालायचा तर आधी आतली हवा मीटरने तपासायची, आणि जेवणाची सुट्टी झाली की पुन्हा तपासायची, हा नियम ते नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवत की पोरं त्यांच्यामागे त्यांची नक्कल करत.

परमिटवर त्या दुसऱ्या तपासणीची नोंद व्यवस्थित होती. वेळ दीड, ऑक्सिजन २०.९, म्हणजे बाहेरच्या हवेत असतो तेवढा. खाली प्रोसेस इंजिनिअर आदित्यची सही. पावणेदोनला जयराम आत गेला, दोनला हाक मारली तर उत्तर नाही. टाकीला जोडलेल्या नायट्रोजनच्या नळीचा व्हॉल्व्ह उघडा सापडला.

म्हणजे दीडला हवा चांगली होती, तर व्हॉल्व्ह त्यानंतर कुणीतरी उघडला. आणि त्यानंतर टाकीच्या तोंडाशी एकटा मुकेश होता, जयरामचा गाववाला, बाहेर उभं राहून आतल्या माणसावर लक्ष ठेवायला नेमलेला. साइट सुपरवायझर सुयोगनेही पोलिसांना तेच सांगितलं. आत गरम होत असेल म्हणून मुकेशने हवेची नळी समजून नायट्रोजन सोडला असणार, दुसरं काय?

पाच वाजता पोलिसांनी मुकेशला गाडीत बसवलं. दार लागायच्या आत तो राजाभाऊंकडे वळून ओरडला, "सायेब येवकच नाय! टेस्ट करूक कोणच येवक नाय!"

२

शुक्रवार सुट्टीचा दिवस. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब नझीर ओळखीचा होता, म्हणून मखफरमध्ये, म्हणजे पोलिस ठाण्यात, दहा मिनिटं भेट मिळाली. "भाईजान, इतवार की सुबह तक," नझीर हळू आवाजात म्हणाला. "रिपोर्ट आया, तो साथ में सरकारी वकील के पास. उसके बाद मेरे हाथ में कुछ नहीं."

रिपोर्ट लिहायचा होता राजाभाऊंनीच. मॅनेजरने तो जवळजवळ सांगूनच टाकला होता, फक्त सही हवी होती. मुकेशचं नाव त्यात गेलं की माणसाच्या जिवाचा गुन्हा, आणि वर्षंच्या वर्षं परक्या मुलखातला तुरुंग.

मुकेश बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला होता.

"नीट सांग," राजाभाऊ म्हणाले. "आणि रडू नकोस. रडलास तर दहा मिनिटं त्यातच जातील."

"जेवान आटपून आमी टाकीकडे इलो. सुयोगसायेब होते. त्यांच्या रेडिओर आवाज इलो, क्लिअर आसा, माणूस आत घाल. सायेबांनी जयरामाक सांगितल्यानी, जा. तो गेलो. सायेब दुसऱ्या कामार गेले."

"आवाज कुणाचा?"

"आदित्यसायबांचो."

"आणि आदित्य स्वतः? मीटर घेऊन?"

"येवक नाय म्हणतंय ना! मी व्हाल्व उघडूक नाय. जयराम माझो शेजारी, राजाभाऊ. आमच्या घरांक एकच दगडाचो गडगो. मुक्तावयनीन काल माझ्या घराकडे जावन सांगितल्यान, तुमच्या झिलान माझो घोव मारल्यान."

मुक्ता ही जयरामची बायको. तुमच्या मुलाने माझ्या नवऱ्याला मारलं, असं ती सांगून आली होती. बातमी राजाभाऊंनी कळवायच्या आधीच गावात पोचली होती. मुकेश रडला नाही, पण त्याची हनुवटी लटलटायला लागली, आणि राजाभाऊंना ते रडण्याहून वाईट वाटलं.

त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. पण विश्वासाला सरकारी वकील काय विचारणार? एका बाजूला दोन साहेबांचे जबाब, दुसऱ्या बाजूला एक मदतनीस. मीटर जुना, त्यात आकडे साठत नाहीत. टाकीकडे कॅमेरा नाही. आणि निघताना हवालदार सहज बोलून गेला की कैद्याच्या हातमोज्यांवर त्याच व्हॉल्व्हचा गंज सापडलाय.

३

"गंज असणारच," राजाभाऊ स्वतःशी पुटपुटत रुमैथियात सुयोगच्या घरी पोचले. "व्हॉल्व्ह उघडा दिसल्यावर तो बंद कुणी केला असेल? शेजारी उभा असलेल्यानेच ना!"

सुयोगने दार उघडलं तेव्हा एसी चालू असूनही त्याच्या कपाळावर घाम होता. समोर बसला, पण नजर काही वर करेना.

"आदित्य आला होता का?"

"आला होता. मी मचाणावरून पाहिलं. त्याने टाकीच्या तोंडातून मीटरची नळी आत सोडली, दहाएक मिनिटं तपासलं. जयराम आत जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो."

"मुकेश म्हणतो तुला रेडिओवर सांगितलं."

"तो आता काहीही म्हणेल, राजाभाऊ. तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय म्हणाला असतात?"

बोलणं चोख होतं. इतकं चोख की राजाभाऊंना ते पाठ केल्यासारखं वाटलं. या पोराची पाचावर धारण बसलीय, पण कशाने? ज्याने फक्त पाहिलं, त्याला एवढं घाबरायचं कारण काय?

तिथून राजाभाऊ आदित्यच्या घरी गेले. तो मात्र अगदी शांत होता. पुण्याचा, बत्तीस वर्षांचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. परमिट भरायला त्याला राजाभाऊंनीच शिकवलं होतं. त्याने कॉफी केली, जयरामबद्दल वाईट वाटल्याचं नीट शब्दांत सांगितलं आणि सुयोगने सांगितलं तेच सगळं सांगितलं. दीडला टाकीपाशी, पावणेदोनपर्यंत तिथेच, दोनला भोंगा झाला तेव्हा परतीच्या वाटेवर.

मागे टीव्हीवर आवाज बंद करून खांद्यावर उशा बांधलेली धिप्पाड पोरं धावत होती. अमेरिकन फुटबॉल. पायाने कमी आणि हातानेच जास्त खेळायचा हा खेळ राजाभाऊंना कधी कळला नाही, पण त्याचं वेड मात्र त्यांच्या ऑफिसातच वाढलं होतं. कधीकाळी एका अमेरिकन साहेबाने ते लावलं. साहेब गेला, वेड राहिलं.

दर एप्रिलमध्ये तिकडचे संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात. सगळ्यात जास्त हरलेला संघ आधी, मग पुढचा, अशी पहिल्या फेरीत बत्तीस नावं. इथल्या सहा जणांनी ती बत्तीस नावं आधीच लिहून द्यायची. नाव आणि क्रमांक जुळला की गुण. जिंकणाऱ्याचं नाव एका जुन्या पिवळ्या हेल्मेटवर रंगवायचं. एका वर्षी कुणीतरी फोनवरची यादी मागाहून बदलली आणि भांडणं झाली, तेव्हापासून नियम कडक. यादी कागदावर, शाईने, ऑफिसच्या बोळातल्या पेटीत, निवडीच्या गुरुवारी दोनच्या आत. आणि पेटीची किल्ली राजाभाऊंकडे, कारण ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही तोच माणूस विश्वासाचा.

"तू टाकलीस का रे यादी?" राजाभाऊंनी कप खाली ठेवत विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"सकाळी अकरालाच," आदित्य म्हणाला. "त्यानंतर मी बोळाकडे फिरकलोच नाही. फोनसुद्धा लॉकरमध्ये होता तो थेट संध्याकाळी काढला."

राजाभाऊ जिना उतरले आणि मधल्या पायरीवर थांबले. फोनचं याला विचारलं होतं कुणी?

४

शनिवारी सकाळी त्यांनी शर्मिलाला बोलावून घेतलं. शर्मिला प्लॅनिंग विभागातली, मुंबईची, या अंदाजांच्या खेळाची कर्तीधर्ती. गुण तीच मोजायची. तिचं ऑफिस फाटकाबाहेर, त्यामुळे तिथे फोन चालत असे. फाटकाच्या आत तो लॉकरमध्ये टाकायचा. लॉकरपुढची पिवळी रेघ ओलांडून फोन नेला की दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं, इतका साधा नियम.

"राजाभाऊ, माणूस गेलाय आणि तुम्ही पेटी काय उघडताय?" ती चिडूनच म्हणाली.

"मला खेळ कळत नाही. तू नुसती वाच. कुणाच्या यादीत काही विचित्र दिसलं तर सांग."

पेटी गुरुवारी दोनला बंद करायची होती. भोंगा झाला आणि जेवून परतलेल्या राजाभाऊंनी धावता धावता कुलूप दाबलं होतं, तेवढंच. आतून सहा कागद निघाले. शर्मिला एकेक वाचत गेली. सुयोगचा साधा होता. तिचा स्वतःचा तिने बाजूला ठेवला. आदित्यचा हातात घेतला आणि तिला हसू आलं.

"हा काय वेडेपणा! दोनदा जिंकलेला माणूस, आणि पाचव्या क्रमांकावर टटल?"

"म्हणजे?"

"पाचव्यावर डॅरेल हॉब्सच जाणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. आम्ही पाचही जणांनी तेच लिहिलंय, आणि गेलाही तोच. आदित्यने हॉब्सचं नाव बत्तीसांत कुठेच ठेवलेलं नाही. आणि त्याच्या जागी ओरिन टटल! कुठल्याशा लहान कॉलेजातला आडदांड पोरगा. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या झाल्या, अजून त्याला कुणी विचारलेलं नाही."

बोलता बोलता ती थांबली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने बोळातल्या लॉकरमधून फोन आणून घाईघाईने काहीतरी शोधलं आणि राजाभाऊंपुढे धरलं. तिने आपल्या नवऱ्याला, अजयला, गुरुवारी पाठवलेला निरोप होता. वेळ एक वाजून चोवीस मिनिटं.

"एका नावाजलेल्या पत्रकाराच्या नावाने कुणीतरी खोटं खातं काढलं होतं," ती म्हणाली. "एक बावीसला त्याने बातमी टाकली. हॉब्सचा गुडघा तपासणीत नापास, पहिल्या फेरीतून बाद, पाचव्यावर टटल घेणार. मी हादरलेच, कारण माझी यादी कधीच पेटीत पडली होती. एक चाळीसला खऱ्या पत्रकाराने सांगितलं की हे खोटं आहे. बातमी पुसली गेली."

"म्हणजे ही बातमी जगली किती?"

"अठरा मिनिटं."

राजाभाऊंनी आदित्यचा कागद उजेडात धरला. बत्तीसही नावं एकाच हाताने, एकाच शाईने, भराभर, तिरकी लिहिलेली. यादी पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली होती. हात धरून शिकवलेल्या पोराचं अक्षर होतं ते.

५

दुपारी तीनला त्यांनी आदित्य आणि सुयोग दोघांनाही ऑफिसात बसवलं. मध्ये टेबलावर कागद ठेवला.

आदित्यने तो पाहिला आणि खांदे उडवले. "माझा अंदाज चुकला. गुन्हा आहे का हा?"

"नाही. सांग, पाचव्यावर टटल कसा सुचला?"

"आतून वाटलं. अशा खेळात कधी कधी उडी मारावी लागते, राजाभाऊ. तुम्हाला नाही कळायचं."

"खरंय, खेळ मला नाही कळत. माणसं कळतात." राजाभाऊंचा आवाज चढला नाही, पण सुयोगने खुर्ची मागे ओढली. "अंदाज बरोबर आला असता तर मी तोंड मिटून बसलो असतो. बरोबर उत्तर काय, दहा जणांचं सारखं येतं. चूक मात्र ज्याची त्याची वेगळी असते. दोघांची चूक अगदी सारखी निघाली, तोच पोरगा बाद, त्याच जागेवर तोच दुसरा, तर मास्तर काय म्हणतो? एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं. तुझी ही चूक तुझी नाही, आदित्य. ती एका खोट्या बातमीची आहे. आणि ती बातमी जगात होती एक बावीस ते एक चाळीस."

राजाभाऊंनी कागदावर बोट ठेवलं.

"सकाळी अकराला ती जन्मलेली नव्हती. म्हणजे यादी अकराला टाकली हे खोटं. बातमी वाचायला फोन लागतो, फोन लॉकरमध्ये, लॉकर या बोळात. टाकीपासून इथवर चालत बारा मिनिटं, आणि दुरुस्तीचं शटडाऊन चालू असल्याने आत गाड्या बंद. दीडला टाकीपाशी असतास, तर इथे एक बेचाळीसच्या आत पोचला नसतास, आणि तोवर बातमी पुसलेली. इथे बातमी वाचून टाकीकडे गेला असतास, तर एक चौतीसच्या आत पोचला नसतास. मग दीडला हवा तपासली कुणी?"

"थोडं मागेपुढे..."

"आणि बत्तीस नावं नव्याने लिहायला वेळ नाही लागत? अरे, तू टाकीकडे गेलाच नाहीस! इथे उभं राहून रेडिओवर सांगितलंस, आणि परमिटवर दीडची वेळ टाकून २०.९ लिहून मोकळा झालास. रोज तोच आकडा येतो, आजही तोच येणार. तोही तुझा अंदाजच!"

सुयोगच्या तोंडून हुंदका फुटला. दोघांत आधी तोच मोडला.

"व्हॉल्व्ह मी उघडला होता," तो म्हणाला. "सकाळी लाइनीतला गाळ फुंकून काढायला. हवेचा दाब नव्हता म्हणून नायट्रोजन वापरला. जेवायला जाताना बंद करायचा विसरलो. जयराम गेल्यावर लक्षात आलं. आदित्य म्हणाला, दीडची नोंद चांगली आहे, आपण दोघं तिथे होतो म्हणायचं. मग व्हॉल्व्ह जेवणाआधीपासून उघडा होता असं कुणी म्हणूच शकणार नाही."

"आणि मुकेश?" राजाभाऊंनी विचारलं. "तो काय करणार होता?"

आदित्य टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"तिसऱ्यांदा जिंकायचं होतं," तो शेवटी पुटपुटला. "पाच मिनिटांचं काम होतं, राजाभाऊ. रोज हवा चांगलीच असते. तुम्हीच बघा, चार वर्षांत एकदा तरी वाईट निघाली का?"

"एकदा निघाली," राजाभाऊ म्हणाले. त्यांना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि त्याच वेळी रडूही येत होतं. त्यांनी रिपोर्टचा कोरा कागद पुढे ओढला आणि दोघांसमोर लिहायला सुरुवात केली.

मॅनेजरला तो रिपोर्ट मुळीच आवडला नाही. त्याने दोनदा फोन करून भाषा सौम्य करायला सांगितलं. राजाभाऊंनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि एक अक्षरही बदललं नाही.

६

रविवारी दुपारी कसल्याशा कागदावर नझीरने चार शिक्के मारून आणले आणि मुकेश मखफरच्या दारातून बाहेर आला. आदित्य आणि सुयोगला आत नेताना त्याने पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. तो त्याबद्दल काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "जयराम खंय आसा?"

"शवागारात. उद्याच्या विमानाने जाईल. तू सोबत जायचंस, तिकीट काढलंय."

"मी कसो जाव? मुक्तावयनी माका दारात उभो करूची नाय."

राजाभाऊंनी गाडी समुद्राकडेला उभी केली. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी देवगडला फोन लावला. मुक्तानेच उचलला. घरात माणसं असावीत, मागे बायकांचे आवाज येत होते.

राजाभाऊंनी सगळं सांगितलं. मुकेशचा काही दोष नाही, सरकारनेही त्याला सोडलं, व्हॉल्व्ह कुणी उघडला, हवा कुणी तपासायची होती. फोन तुटला की काय म्हणून त्यांनी दोनदा हॅलो केलं.

"आसंय मी, भाऊ," ती म्हणाली. "मग तो हवा बघणारो सायेब त्या वेळाक खंय होतो?"

"ऑफिसात."

"काय करी होतो?"

या बाईला काय सांगायचं? राजाभाऊंनी चोवीस वर्षांत नाना तऱ्हेचे अपघात कागदावर उतरवले होते, प्रत्येकाला काहीतरी बरं नाव दिलं होतं. आता एकही नाव सुचेना. खोटं सांगावं, असं क्षणभर वाटलं. दुसरं काम होतं, तातडीचं होतं, काहीही.

"नावं लिहीत होता," ते म्हणाले. "अमेरिकेत एक खेळ असतो. त्यात कुठला खेळाडू कितवा निवडला जाईल, त्याचे अंदाज लिहीत होता."

पलीकडे एक बाई काहीतरी विचारत होती आणि मुक्ता तिला गप्प राहा म्हणाली.

"त्येंका वळखी होतो तो? त्या पोरांका?"

"नाही. कुणालाच नाही."

"आणि माझ्या घोवाक?"

"ओळखत होता. चार वर्षं एकत्र होते."

राजाभाऊंचे डोळे भरून आले. आपण माफी मागावी असं त्यांना वाटलं, पण कुणाच्या वतीने मागायची तेही कळेना.

"मुकेश आसा थय?" मुक्ताने विचारलं.

"आहे. शेजारीच बसलाय."

"तेका फोन द्या. जयरामाक घेवन तोच येवंदे."

राजाभाऊंनी फोन पुढे केला. मुकेशने तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला, आणि पलीकडून ती काय म्हणाली कोण जाणे, तीन दिवसांत पहिल्यांदा तो मोठमोठ्याने रडायला लागला.